स्वयंपाकाचा गॅस आणि कास्तकाराची हिशेबवही

कास्तकाराच्या हिशेबवहींत बियाण्याचा, खताचा, रोवणीच्या मजुरीचा व पाणीपट्टीचा खर्च नोंदलेला असतो. परंतु चुलीच्या खर्चाचें वेगळें सदर घातलेली वही आमच्या पाहण्यांत फारशी आलेली नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. पिढ्यानुपिढ्या सरपण ही विकत घेण्याची वस्तु नव्हती. बांधावरील तुरीच्या तुऱ्हाट्या, बाभळीचीं फाटीं, गोठ्यांतील शेणाच्या गोवऱ्या आणि झुडपी जंगलांतून आणलेली मोळी ह्यांवर घरचें रांधणें होत असे. आणि त्यामागची सारी मेहनत बायकांची असल्यामुळें तिची किंमत पैशांत करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आतां स्थिति पालटली आहे. चुलीच्या जागीं शेगडी आली, मोळीच्या जागीं सिलिंडर आला, आणि जो खर्च पूर्वीं बाईच्या डोक्यावर होता तो घरधन्याच्या खिशावर आला. खिशाला झळ लागल्यावर मात्र त्याची चर्चा पारावर होऊं लागली, हें आम्ही थोड्या खेदानेंच नमूद करितों.

अड्याळ हें भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या सडकेवरील, धानाच्या मुलखांतील मोठें गांव. सभोंवार बांध्या आणि बोड्या, आणि पलीकडे जंगल. ह्या बाजूस हिंडतांना आम्हांस जी तक्रार घरोघर ऐकूं आली ती एकच: पूर्वीं दीड महिना पुरणारा सिलिंडर हल्लीं महिनाभरही पुरत नाहीं, आणि पावतीवरील आकडा मात्र दर खेपेस नवा दिसतो. एका वृद्ध बाईंनीं तर आम्हांस सांगितलें कीं, पूर्वीं सरपणासाठीं एक दिवस जंगलांत जाई, आतां एका सिलिंडरापायीं रोवणीच्या दोन-तीन दिवसांची मजुरी जाते; मग सुख तें कोठें वाढलें? प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तथापि, जंगलांतील तो एक दिवस आतां पूर्वींइतका निर्धोक राहिलेला नाहीं, हेंही विसरतां येत नाहीं. पूर्व विदर्भांत सरपण अथवा मोहफुलें वेंचावयास गेलेल्या मनुष्यांवर वाघानें झडप घातल्याच्या वार्ता दरवर्षीं येतात. पवनी व उमरेडच्या बाजूचें कऱ्हांडला अभयारण्य २०१२ सालीं जाहीर झालें, तें येथून फार दूर नाहीं. शिवाय धुरानें डोळे व छाती यांची काय दशा होते, हें प्रत्येक घरच्या म्हातारीस ठाऊक आहे. तेव्हां शेगडी टाकून पुन्हां सर्वस्वीं चुलीकडे वळा, असा उपदेश करण्यास आम्ही हा लेख लिहीत नाहीं. गॅसचा पैसा नेमका कोठें जातो, हें कास्तकारानें धानाच्या पोत्याप्रमाणें वजन करून पाहावें, आणि ज्याच्या गोठ्यांत गुरें आहेत त्यानें आपला गॅस आपल्या अंगणांत करितां येतो कीं काय ह्याचा विचार करावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

प्रथम दराविषयीं. ह्यांत कास्तकाराच्या हातीं कांहींच नाहीं, म्हणून आम्ही थोडक्यांतच लिहितों. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दिल्लींत २०२० च्या नोव्हेंबरांत ५९४ रुपयांस मिळत होता. तोच २०२३ च्या मार्चांत ११०३ रुपयांवर गेला. त्याच वर्षाच्या ऑगस्ट अखेरीस २०० रुपये व २०२४ च्या मार्चांत आणखी १०० रुपये उतरविण्यांत आले, आणि २०२५ च्या एप्रिलांत ५० रुपये वाढून तो ८५३ वर आला. आपल्या बाजूस वाहतुकीमुळें त्याहून कांहींसा अधिकच पडतो. देशांत लागणाऱ्या ह्या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून येतो, आणि त्याचा दर सौदी अरबस्तानांत महिन्याच्या महिन्यास ठरणाऱ्या भावाशीं बांधलेला असतो; तिकडे भाव चढला अथवा रुपया घसरला कीं त्याचा चटका अड्याळच्या शेगडीस बसतो. पूर्वीं ग्राहकाच्या बँकखात्यांत सूट म्हणून कांहीं रक्कम परत येत असे. ती साधारण ग्राहकाच्या बाबतींत २०२० पासून जवळजवळ नाहींशी झाली. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें ज्या उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, तिच्या लाभार्थ्यांस २०२२ च्या मे महिन्यापासून दर सिलिंडरामागें २०० व २०२३ च्या ऑक्टोबरापासून ३०० रुपये सूट देण्यांत आली. तरीही ह्या कुटुंबांची वर्षाची सरासरी २०१९-२० सालीं सुमारें तीन सिलिंडर होती, ती २०२४-२५ पर्यंत साडेचाराच्या आसपास आली. पांच-सहा माणसांच्या घरास वर्षांत साडेचार सिलिंडर पुरत नाहींत, हें कोणीही गृहिणी सांगेल. अर्थात् उरलेलें रांधणें अजून चुलीवरच होतें. शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती व पावसाळ्यापुरती राहिली आहे.

आतां जें आपल्या हातीं आहे त्याकडे येऊं. धान विकतांना कांट्याकडे डोळे लावून बसणारा आमचा कास्तकार सिलिंडर मात्र डोळे मिटून घेतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. प्रत्येक सिलिंडराच्या गळ्याजवळ रिकाम्या टाकीचें वजन किलोंत कोरलेलें अथवा रंगविलेलें असतें. बहुधा तें पंधरा-सोळा किलोंच्या घरांत असतें. त्यांत १४.२ मिळविले म्हणजे भरलेल्या सिलिंडराचें वजन आलें. घरीं आणून देणाऱ्या मनुष्याजवळ वजनकांटा असला पाहिजे, व ग्राहकानें मागितल्यास त्यानें वजन करून दाखविलें पाहिजे. हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यांत संकोच अथवा उपकार कांहीं नाहीं. तोंडावरील सील अखंड आहे ना, तें काढल्यावर आंतील झडपेपाशीं गॅस झिरपत नाहीं ना, हेंही त्याच्या समक्ष पाहून घ्यावें. त्याच गळ्याजवळच्या एका पट्टीच्या आंतल्या अंगास इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व त्यापुढें सालाचे दोन आंकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, ह्याप्रमाणें ती टाकी पुन्हां तपासणीस केव्हां गेली पाहिजे तें त्यावरून समजतें. मुदत उलटलेली टाकी घेऊं नये.

वजन बरोबर भरलें आणि तरीही सिलिंडर लौकर संपला, तर गळतीची शंका घ्यावी. गॅस हवेहून जड असल्यामुळें तो वर न जातां जमिनीलगत सांचतो; म्हणून त्याचा वास मुद्दाम उग्र केलेला असतो. परंतु बारीक गळतीचा वास रोजच्या संवयीनें नाकास जाणवेनासा होतो. नळीच्या दोन्ही टोंकांस, रेग्युलेटरपाशीं व शेगडीच्या चाव्यांपाशीं साबणाचें दाट पाणी लावावें. बुडबुडे आले तेथें गळती आहे असें समजावें. काडी ओढून गळती पाहणारे शहाणे अजून आहेत, त्यांच्यापुढें हात जोडावे. रबराची नळी प्रमाणित, मजबूत व दीड मीटरहून लांब नसलेली असावी, व ती पांच वर्षांनीं बदलावी. उंदीर नळी कुरतडतो. धानाची कोठी आणि स्वयंपाकघर यांमध्यें एकच भिंत असलेल्या घरांत तर ह्याकडे विशेष लक्ष पाहिजे. रात्रीं निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करण्याचा नियम घरांत घालून द्यावा. एकाएकीं मोठी गळती झाली तर विजेचें बटण न दाबतां दारें-खिडक्या उघडाव्या, बाहेर यावें, आणि १९०६ ह्या क्रमांकावर बाहेरून कळवावें.

पण आमचा अनुभव असा कीं, दहांतील आठ घरीं दोष वजनाचाही नसतो आणि गळतीचाही नसतो. तो वापराचा असतो. आणि त्यांतही स्वयंपाकाचा नव्हे, तर आंघोळीच्या पाण्याचा. ह्याचा हिशेब आम्ही येथें थोडा विस्तारानें मांडतों, कारण तो पाहिल्यावर बरेच वाचक चकित होतील.

एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास जी उष्णता लागते तिला एक उष्मांक म्हणूं. एक किलो गॅसांत असे सुमारें अकरा हजार उष्मांक असतात. शेगडी चांगली असली तरी त्यांतील सगळे भांड्यास पोहोंचत नाहींत. मानकाप्रमाणें नव्या शेगडीनें शंभरांतील निदान ६८ भाग भांड्यास द्यावे असा दंडक आहे. घरांतल्या जुन्या, काजळलेल्या शेगडीचे साठ धरूं. म्हणजे एक किलो गॅसामागें कामास आलेले उष्मांक सहा हजार सहाशें. आतां पौष महिन्यांत रात्रभर गार झालेलें वीस अंशांचें पाणी बेचाळीस अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. वीस लिटरांच्या एका बादलीस चारशें चाळीस उष्मांक पाहिजेत, म्हणजे सदुसष्ट ग्रॅम गॅस. सात माणसांच्या घरांत रोज सात बादल्या. म्हणजे जवळजवळ पावणेपांचशें ग्रॅम. तीस दिवसांत हे चौदा किलो होतात! ह्याचा अर्थ असा कीं, हिवाळ्याच्या एका महिन्यांत एक पुरता सिलिंडर, भाताचें एक शीतही न शिजवितां, नुसता आंघोळींत वाहून जातो. वर सांगितलेल्या ८५३ रुपयांच्या दरानें गॅस किलोमागें साठ रुपये पडतो, त्या मानानें प्रत्येक बादली चार रुपयांची झाली. गृहिणीस विचारलें तर ती म्हणते, स्वयंपाक तर नेहमींचाच आहे, मग हिवाळ्यांत सिलिंडर लौकर कां संपतो कोण जाणे. एजन्सीस शिव्या देण्यापूर्वीं कास्तकारानें आपल्या न्हाणीघराकडे पाहावें.

ह्यावर उपाय कठीण नाहींत. आंघोळीचें पाणी तापविण्याचें काम शेगडीवरून कायमचें काढून टाकावें. परसांत, मोकळ्या हवेंत, बंब अथवा दोन विटांची चूल मांडून तीवर मोठा गंज ठेवावा आणि तुऱ्हाट्या, धसकटें, गंजीच्या तळचा सडका पालापाचोळा यांवर पाणी तापवावें. धूर घरांत येत नाहीं आणि जें बांधावर उगीच जाळलें जातें तें कामास येतें. आपल्या भागांत हिवाळ्यांत बहुतेक दिवस लख्ख ऊन पडतें. छपरावर काळा रंग दिलेली टाकी ठेवली तरी दुपारपर्यंत तिचें पाणी चांगलें कोमट होतें. ज्यांना शेतावरून येऊन दुपारीं आंघोळ करावयाची आहे त्यांचें तेवढ्यावर भागतें. ऐपत असेल त्यानें सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारें यंत्र बसवावें. गुरांचें आंबोण शिजविण्याविषयींही हेंच. सरकी-चुनीचा गंज घरांतील शेगडीवर तासभर खदखदत ठेवलेला आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. गाय विकत घेतांना शंभर प्रश्न विचारणारा मनुष्य तिच्या आंबोणाचा गॅस हिशेबांत धरीत नाहीं. मग दूध परवडत नाहीं म्हणून कुरकुर करितो.

स्वयंपाकांतही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एक लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास सत्तर उष्मांक लागतात. परंतु तेंच लिटरभर पाणी उकळून वाफ होऊन जावयाचें असेल तर आणखी पांचशें चाळीस लागतात. उकळी आल्यावर आंच मोठी ठेवल्यानें डाळ लौकर शिजत नाहीं, कारण उघड्या भांड्यांतील पाणी उकळीच्या वर तापतच नाहीं. जास्त आंचेनें फक्त वाफ जास्त होते. अशा रीतीनें उडून गेलेलें प्रत्येक लिटर पाणी ब्यायशीं ग्रॅम, म्हणजे सुमारें पांच रुपयांचा गॅस घेऊन जातें. म्हणून उकळी येतांच आंच बारीक करावी व भांड्यावर झांकण ठेवावें. तुरीची अथवा लाखोळीची डाळ आधीं भिजत घालावी. कुकराचें महत्त्व आतां कोणास सांगावयास नको; पण पहिली शिटी झाल्यावर आंच कमी करावयाची असते, हें मात्र अजून सांगावें लागतें. आपल्या भागांत दोन्ही वेळां भात. आणि पुष्कळ घरीं तो भरपूर पाण्यांत शिजवून वेळून काढतात. तशा भाताची चव ज्यांस सोडवत नाहीं त्यांस आम्ही आग्रह करीत नाहीं, परंतु त्या जास्तीच्या पाण्याचें इंधन आपण देतों हें त्यांनीं जाणावें. रोवणीच्या दिवसांत मजुरांच्या चहासाठीं दिवसांतून चार वेळां पातेलें चढतें. एकदांच करून ठेवण्याच्या झांकणाच्या मोठ्या भांड्याची किंमत एका हंगामांत वसूल होते. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली अथवा भांड्याचा तळ काळा होऊं लागला, तर बर्नरचीं छिद्रें बुजलीं आहेत. तीं बारीक तारेनें व कोमट साबणपाण्यानें साफ करावीं.

इतकें सर्व केलें म्हणजे खर्च पुष्कळ उतरेल, परंतु दर दुसऱ्याच्या हातीं आहे तो राहीलच. ज्याच्या गोठ्यांत गुरें नाहींत त्याच्यापुरता विषय येथें बहुतेक संपला. ज्याच्या गोठ्यांत चार-पांच गुरें आहेत, तो मात्र गोवऱ्या थापून अर्धी उष्णता व सगळें खत जाळतो आणि वर परदेशचा गॅस विकत घेतो. त्याच्याशीं आम्हांस गोबरगॅसविषयीं बोलावयाचें आहे.

हा विषय नवा नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या महारोगी आश्रमांत मैल्यापासून गॅस काढून दिवे लावण्याचा प्रयोग १८९७ सालींच झालेला आहे. शेणापासून गॅस काढण्याचें शास्त्रीय काम दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं १९३९ च्या सुमारास केलें. पुढें जशभाई पटेल यांनीं १९५१ सालीं ‘ग्रामलक्ष्मी’ नांवाचें संयंत्र तयार केलें, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानें साठ सालानंतर तरंगत्या लोखंडी टोपाच्या त्या नमुन्याचा देशभर प्रसार केला. १९८४ सालीं ‘दीनबंधु’ नांवाचा घुमटाचा स्वस्त नमुना पुढें आला. हल्लीं घरगुती कामास बहुधा तोच बांधतात. देशांत आजवर पन्नास लाखांच्या आसपास अशीं घरगुती संयंत्रें झालीं. तीं सगळीं चालूं आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. अंगणाच्या कोपऱ्यांत गंजलेला टोप, त्यावर वाढलेला वेल, आणि खड्ड्यांत केरकचरा, हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचें असेल. तें कां झालें हें समजल्याशिवाय नवें बांधण्यांत अर्थ नाहीं.

लोखंडी टोपास दरवर्षीं रंग लागतो. गॅसमध्यें गंधकाचा जो अल्प अंश असतो तो लोखंड खातो. रंग दिला नाहीं कीं कांहीं वर्षांत टोपास छिद्रें पडतात, आणि नव्या टोपाचा खर्च ऐकून घरधनी संयंत्रच सोडून देतो. घुमटाच्या नमुन्यांत लोखंड नाहीं, परंतु तेथें गवंडी कच्चा असला तर घुमटास बारीक तडे जातात व गॅस रात्रंदिवस निसटतो. तिसरें व सर्वांत मोठें कारण गुरांचें. अनुदान मिळतें म्हणून दोन बैल असलेल्यानें संयंत्र बांधलें, पुढें ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, आणि खड्डा उपाशी राहिला. संयंत्र हें एक जनावरच आहे असें समजावें. त्यास रोज खाणें पाहिजे. दुभत्या म्हशीस आठ दिवस चारा न घालतां दुधाची अपेक्षा कोणी करीत नाहीं, पण गोबरगॅसाविषयीं ती केली जाते.

तेव्हां आधीं शेण मोजावें. गोठ्यांत बांधलेलें मध्यम जनावर दिवसास सुमारें दहा किलो शेण देतें, म्हैस त्याहून अधिक. दिवसभर चरावयास जाणाऱ्या गुरांचें निम्मेंच हातीं लागतें. पंचवीस किलो शेणापासून दिवसास एक घनमीटर गॅस मिळतो. पांच-सहा माणसांच्या घरास दोन घनमीटरांचें संयंत्र पुरतें, म्हणजे रोज पन्नास किलो शेण व तितकेंच पाणी पाहिजे. एक घनमीटर गोबरगॅस सुमारें ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसाइतकें काम करितो. पूर्ण चाललें तर महिन्यास सव्वीस किलो, म्हणजे पावणेदोन सिलिंडरांहून थोडें अधिक होतें. कागदावरचा हा आकडा गोठ्यांत तसाच उतरत नाहीं. थंडींत आंतील जंतु मंदावतात व गॅस घटतो. कधीं शेण कमी पडतें. म्हणून कास्तकारानें महिन्यास एक सिलिंडर वांचेल असा धिम्मा हिशेब धरावा. ८५३ रुपयांच्या दरानें वर्षाचे दहा हजारांवर होतात. गवंड्याकडून बांधकामाचा आकडा घेऊन त्यास ह्यानें भागावें, म्हणजे किती वर्षांत पैसे फिटतील तें समजेल. चारांहून कमी गुरें असतील तर, अनुदान कितीही मिळो, बांधूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

गोवऱ्यांच्या कैवाऱ्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंचवीस किलो ओलें शेण वाळवून चुलींत जाळलें, तर चुलीची ऐपत शंभरांत दहा-अकरा भागांची असल्यामुळें भांड्यास जेवढी उष्णता मिळते, त्याच्या सुमारें दुप्पट तेवढ्याच शेणाच्या गॅसापासून मिळते. आणि खत शिल्लक राहतें तें वेगळेंच. बाहेर पडणाऱ्या मळीचें मूल्य आम्ही गॅसाहूनही अधिक मानतों. उकिरड्यावर उघडें पडलेल्या शेणांतील नत्र ऊन-पावसानें बरेंच नाहींसें होतें. मळींत तें टिकतें, व वाळलेल्या मळींत दीड टक्क्याच्या आसपास नत्र सांपडतें. शिवाय तणाचें बीं तींत बहुतांशीं मेलेलें असतें. धानाच्या बांधींत पाण्याबरोबर ती सोडतां येते. पऱ्ह्यांस व भाजीच्या वाफ्यांस तर ती फारच मानवते. जो कास्तकार गॅसचा हिशेब करितांना मळीचा हिशेब धरीत नाहीं, तो धान विकून तणस फुकट देणाऱ्यासारखाच होय.

आपल्यासारखाच भाताचा मुलूख असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हें काम चांगलें रुजलें आहे. कुडाळ तालुक्यांतील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ह्या संस्थेनें डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकारानें तेथें हजारों घरीं गोबरगॅस उभे केले. तेथें आमच्या मतें मर्म हें कीं, स्थानिक गवंड्यांचे हात ह्या कामास तयार झाले आणि बांधून झाल्यावरही विचारपूस करणारें कोणी मागें राहिलें. पवनी तालुक्यांत गवंडी कमी नाहींत. घुमटाचें काम जाणणारे किती, हा प्रश्न आहे. आमच्या मंडळानें चार तरुण गवंडी शिकवून आणले, तर अनुदानाच्या अर्जांपेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषि विभागांत करावी. रकमा व अटी वेळोवेळीं बदलतात, म्हणून त्या येथें देत नाहीं.

गुरें नसलेल्यांसाठीं पुण्याच्या ‘आरती’ ह्या संस्थेंत डॉ. आनंद कर्वे यांनीं उष्ट्या-खरकट्यावर, पिठूळ पदार्थांवर चालणारें लहान संयंत्र काढलें; त्यास २००६ सालीं लंडनचें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. भाताचें वेळलेलें पाणी, किडकें धान्य, सडकीं फळें यांवर तें चालतें. खेड्यांत उष्टें-खरकटें गुरांस व कोंबड्यांस जातें, म्हणून एका घरचें खाणें त्यास पुरणार नाहीं. पण वसतिगृहें, खाणावळी व मंगल कार्यालयें यांनीं त्याचा विचार अवश्य करावा.

ज्यांनीं बांधण्याचें ठरविलें असेल त्यांनीं जागा आधीं पाहावी. आपल्या भागांत पावसाळ्यांत व कालव्याचें पाणी सुटल्यावर जमिनींतील पाणी फार वर येतें; खोलगट जागीं खड्डा घेतला तर खालून पाण्याचा दाब येऊन तळ व भिंती फुटतात. म्हणून उंचवट्याची, दिवसभर ऊन लागणारी, गोठ्यास लागून व स्वयंपाकघरापासून फार लांब नसलेली जागा घ्यावी. पिण्याच्या पाण्याची विहीर निदान पंधरा मीटर दूर असावी. खणण्याचें काम चैत्र-वैशाखांत उरकावें. रोवणीला लागल्यावर तें होत नाहीं, आणि अर्धवट खड्डा पावसांत ढासळतो. नळास गोठ्याकडून स्वयंपाकघराकडे सारखा उतार अथवा चढ ठेवावा व सर्वांत खालच्या जागीं पाणी काढण्याची तोटी बसवावी, नाहींतर वाफेचें पाणी सांचून गॅस अडतो आणि संयंत्र बिघडलें अशी समजूत होते. गोबरगॅसाचा दाब कमी असल्यामुळें त्याची शेगडी निराळी असते. सिलिंडरची शेगडी त्यावर नीट जळत नाहीं. शेण कालवितांना तणस, माती व वाळू काढून टाकावी. तणस वर तरंगून तिची जाड साय धरते, आणि वाळू तळाशीं बसून खड्डा भरून काढते. गोठा फिनेलनें धुतलेलें पाणी आंत जाऊं देऊं नये, त्यानें जंतु मरतात.

पहिली भरणी मोठी असते. दोन घनमीटरांच्या संयंत्रास सुमारें दोन हजार किलो शेण एकाच वेळीं लागतें. तें शेजाऱ्यांकडून गोळा करून, शक्य तर चालूं असलेल्या दुसऱ्या संयंत्राची घमेलेंभर मळी विरजणासारखी घालून भरावें. त्यानंतर दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. पहिल्यानें जो गॅस येतो त्यांत हवा मिसळलेली असते, व तो पेटत नाहीं, अथवा पेटला तर धोका असतो. म्हणून तो एकदां-दोनदां तसाच बाहेर सोडून द्यावा, आणि मगच शेगडीपाशीं काडी न्यावी.